चेन एका जागी घट्ट, दुसरीकडे सैल

प्रश्न: मोटरसायकलच्या मागच्या चाकाचे दोन्ही ॲडजस्टर (चेन ताणायचे स्क्रू) सारख्या खुणेवर आणून चेन ताणली, तरी चाक फिरवल्यावर ती एका जागी घट्ट आणि दुसरीकडे सैल लागते. ताण नेमका कुठे मोजावा?

उत्तर १: सर्वांत घट्ट जागीच मोजावा, कारण सैल जागेच्या हिशेबाने चेन ताणली, तर घट्ट जागा आल्यावर सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि चाकाच्या बेअरिंगवर पडतो. बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिमी ढील (चेन वर-खाली हलण्याचे अंतर) चालते. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. ॲक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) नट आवळताना ताण बदलतो, म्हणून नंतर पुन्हा मोजावे.

उत्तर २: फरक मोठा असल्यास चेन असमान झिजली आहे. ती दोन्ही स्प्रॉकेटसह (चेनच्या दातेरी चाकांसह) बदलावी.

प्रश्नकर्ता: ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोलने धुवावी का?

उत्तर १: कृपया नको, त्याने रबर खराब होते. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.