वाहत्या चषकांच्या मेजवानीत मद्य हा दंड कसा?

प्रश्न:
प्राचीन चीनमधील विद्वान वळणावळणाच्या ओढ्यात मद्याचे चषक सोडत आणि चषक ज्याच्यासमोर थांबे त्याने कविता रचावी असा संकेत असे, हे वाचले. मात्र कविता न सुचणाऱ्यास मद्य पाजणे, ही शिक्षा कशी? आणि जमलेले सगळेच शीघ्रकवी असत काय?

प्रतिसाद १:
सगळे नसत. इ.स. ३५३ मध्ये, तिसऱ्या चांद्रमासाच्या तिसऱ्या दिवशी, सुलेखनकार वांग शीची याने आजच्या शाओशिंगजवळ लान्तिंग येथे जी बैठक भरवली, तिच्या ४२ जणांपैकी ११ जणांनी प्रत्येकी दोन कविता रचल्या, १५ जणांनी एकेक, आणि उरलेल्या १६ जणांना काहीच न साधल्याने प्रत्येकी तीन पात्रे मद्य प्यावे लागले. या १६ जणांत यजमानाचा मुलगा वांग शिएनची हाही होता. पुढे तो स्वतः थोर सुलेखनकार झाला, पण तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. दंडाचे म्हणाल, तर खरी शिक्षा मद्याची नव्हे, चारचौघांत निरुत्तर होण्याची. शिवाय जो आधीच अडखळला, त्याची बुद्धी प्रत्येक पात्रागणिक आणखी मंदावणार.

प्रतिसाद २:
ज्यांना काव्य जमत नसे, त्यांच्यासाठी तांग राजवटीच्या काळात शलाकांचा, म्हणजे सोडतीच्या काड्यांचा, खेळ होता. चीनच्या जियांगसू प्रांतात १९८२ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या ५० चांदीच्या शलाका आणि कासवाच्या पाठीवर उभे असलेले त्यांचे पात्र सापडले. प्रत्येक शलाकेवर कन्फ्यूशियसच्या संवादांतील एक वचन आणि त्याखाली पिण्याची आज्ञा कोरलेली आहे. ‘शिकलेल्याचा वेळोवेळी सराव करण्यात आनंद नाही काय?’ हे वचन निघाले, तर शलाका काढणाऱ्याने स्वतः अर्धा चषक प्यायचा. दुरून मित्र येण्याच्या आनंदाचे वचन निघाले, तर अर्धा चषक प्रमुख पाहुण्याच्या वाट्याला. पाठांतराने लहानपण ज्या ग्रंथात गेले, त्याचीच अशी थट्टा करण्यात तिथल्या सुशिक्षित अधिकारीवर्गाला विशेष रस असावा, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता:
ही प्रथा चीनबाहेर पोहोचली होती काय?

प्रतिसाद १:
होय. कोरियात ग्योंगजू येथे सिल्ला राज्यकाळातील पोसोकजोंगची नागमोडी दगडी पन्हळ आजही पाहता येते, तर जपानमध्ये दाझाइफू आणि हिराइझुमी येथे हा सोहळा अजूनही साजरा होतो. ग्योंगजूच्याच एका राजतलावात १९७५ मध्ये चौदा बाजूंचा लाकडी फासा मिळाला. त्यावर ‘तीन चषक एकदम प्या’, ‘संगीताशिवाय नाचा’ अशा आज्ञा होत्या, आणि कविता म्हणण्याचीही एक होती.