दत्तक गेलेल्यांनी जुनी रजिस्टरं उघडायचीच नाहीत का?

दुपारचं_ऊन:
काल इथे एकाने लिहिलं, "बालकाश्रमांची जुनी रजिस्टरं एकदाची जाळून टाका. चाळिशी-पन्नाशीतली दत्तक मुलं आई शोधत येतात आणि म्हाताऱ्या बायकांचे संसार मोडतात. वाढवलेले आईबाप कमी पडले का?" रात्रभर झोप नाही, म्हणून लिहितेय.

मी 1979 ची. नऊ दिवसांची असताना संस्थेत आले, नाशिकला वाढले, आईबाबांनी काही म्हणजे काही कमी केलं नाही. तीन वर्षांपूर्वी छातीत गाठ निघाली आणि डॉक्टरांनी विचारलं, आईकडे कुणाला होतं का? काय सांगणार? तेव्हा संस्थेत गेले. चौथ्या खेपेला तिथल्या बाईंनी लाल कापडी पाठीची वही काढली आणि बाकीच्या ओळींवर पट्टी धरून माझी तेवढी ओळ दाखवली. "स्त्री जातीचे अर्भक, वजन 1 किलो 900, अंगात पिवळे झबले, आई अविवाहित." फाईलमध्ये दोन कागद. पहिल्याच्या कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा डाग होता, पण टाचलेलं काही नव्हतं. माझ्याबद्दल जगात सगळ्यात आधी लिहिलेली ओळ आहे ती. ती जाळायची?

सुलभामावशी:
बाळा, तुझं मन कळतं, पण आमचीही बाजू ऐक. मी बावीस वर्षं अशाच एका संस्थेत समाजसेविका होते. "तुझं नाव कुणाला कळणार नाही" हा शब्द मी स्वतः बायकांना दिलाय, त्यांचा हात हातात घेऊन. फुल्यांनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हाही विधवांना गुपचूप येऊन बाळंत व्हा असंच सांगितलं होतं ना? गुप्तता होती म्हणून बायका आल्या, नाहीतर विहिरी होत्याच. माझ्याकडची एक, लग्न होऊन सुना-नातवंडं झालेली. परदेशात वाढलेली मुलगी दुभाषा घेऊन थेट तिच्या ओसरीवर, आणि दुभाष्याने सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारलं. ती बाई आठवडाभर जेवली नाही. त्या मुलीला काय, ती विमानात बसून गेली.

विंचुर्णी:
मावशी, चूक दुभाष्याची, शिक्षा सगळ्यांना?
माझ्या वडिलांचं ऐका. ते पुण्याच्या एका संस्थेतले. कागद मागायला गेलो तर सांगितलं, सगळं पानशेतच्या पुरात गेलं. बाबा गप्प घरी आले. पूर आला 12 जुलै 1961 ला आणि बाबा दाखल झाले 1963 ला! दोन वर्षांनी आलेल्या मुलाचे कागद आधीच वाहून गेले? हे त्यांना सांगायला परत गेलो तेव्हा संबंधित माणूस रजेवर. बाबा गेल्या वर्षी वारले. मला राग पुराचा नाही, खोटं बोलण्याचा आहे.

कोर्टकचेरी:
नियम काय आहे ते तरी बघा. परदेशी दत्तकाबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा लक्ष्मीकांत पांडे निकाल 1984 चा, कारा (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) आली 1990 मध्ये. काराच्या नियमांत मूळशोधाची, म्हणजे जन्मदात्यांचा शोध घेण्याची तरतूद आहे, 18 पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. तिसऱ्या माणसाला परवानगीच नाही, म्हणजे तो दुभाषा मुळातच चूक. आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती. आणि तिने नकार दिला किंवा ती सापडलीच नाही तरी मूल का सोपवलं, कोणत्या परिस्थितीत, हे दत्तक व्यक्तीला सांगायचंच असतं. जाळून टाका म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

हर्षद_सोलापूर:
नियम राहू द्या, ज्याला कुणीच दत्तक घेतलं नाही त्याचं काय? माझा मित्र संस्थेत वाढला, 18 ला बाहेर पडला, प्रत्येक फॉर्मवर जात विचारतात आणि तो काय लिहिणार? आईबाप शोधायला त्याला भावना नाही, दाखला लागतो!!

विंचुर्णी:
2018 मध्ये महाराष्ट्रात अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण झालंय की, जातीवर नाही, अनाथ म्हणून.

हर्षद_सोलापूर:
झालं ते अनाथाश्रमात वाढलेली अमृता करवंदे भांडली म्हणून. आणि त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी परत त्याच संस्थेचे कागद. फिरून तिथेच. माझ्या मित्राच्या वयाची अट संपली हेलपाटे घालण्यात. तुम्हाला एका ओळीचं रडू येतं, त्याची नोकरी गेली.

दुपारचं_ऊन:
माझ्या ओळीला रडू म्हणायचं नाही. आजार माझ्या अंगात आहे.

हर्षद_सोलापूर:
बरं, शब्द चुकला. पण विषय तोच आहे, कागद कुणाच्या ताब्यात.

प्राजक्ता_आई:
दत्तक मुलाची आई म्हणून विचारते, मग आम्ही कोण? लेक बारा वर्षांची आहे, आतापासून विचारते, पोटात धडकी भरते.

दुपारचं_ऊन:
तुम्ही आई. माझी आई माझ्यासोबत चौथ्या खेपेला आली होती, वही तिनेच आधी वाचली, मला चष्मा सापडेना. लेक विचारते तेव्हा सांगत जा, लपवलं की ती एकटी शोधेल.

सुलभामावशी:
तिसऱ्या माणसाला बंदी आहे हे मला माहीत नव्हतं, आमच्या वेळी असं काही नव्हतं. संस्थेने आधी बाईला एकटीला गाठून विचारावं, हे मी मान्य करते. जाळायचं मीही म्हणत नाही. पण शब्द दिलाय हे मी सोडणार नाही.
आणि एक. काही बायका जाताना चिठ्ठी ठेवायच्या. मोठी झाली आणि आलीच तर द्या म्हणायच्या. मी त्या फाईलला टाचून ठेवायचे. नंतर ऑफिस हललं, फायली नव्या फोल्डरात घातल्या, तेव्हा सुटे कागद वेगळ्या गठ्ठ्यात बांधले होते.

दुपारचं_ऊन:
मावशी, तुम्ही कोणत्या गावी होतात? 1979 ला होतात का तिथे? गठ्ठा कुठे ठेवला होता? मेसेज करते, कृपा करून बघा.