सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचं चित्रांचं पुस्तक: मारामारीची पानं वगळू का?

जुळेसोलापूरची_आई
नमस्कार मंडळी, भावानं पोराच्या वाढदिवसाला इंग्लिश पुस्तक पाठवलंय, सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगन, मार्गारेट हॉजेस यांनी गोष्ट लिहिलीय आणि चित्रं ट्रिना शार्ट हायमन यांची, 1984 चं आहे. चित्रं इतकी सुंदर आहेत की मीच आधी दोनदा बघून घेतली. पोरगं पाच वर्षाचं, मी इंग्लिश बघून मराठीत सांगत जाते. युना नावाची राजकन्या गाढवावर बसून वीर शोधायला निघते, लाल क्रॉसची ढाल घेतलेला तो वीर, म्हणजेच जॉर्ज, तिच्यासोबत येतो इथपर्यंत एकदम खूश होता. मग ड्रॅगनशी मारामारी आली आणि हा विचारायलाय, मम्मी ड्रॅगनला मारलं कशाला, कृष्णानं कालियाला सोडलं की. मला काय उत्तरच सुचलं नाही. सासूबाई म्हणतात ती पानं गाळून सरळ लग्नाचं पान दाखव, झोपायच्या वेळी असलं नको. तलवार तोंडात खुपसतो ते पान तर मलापण नको वाटतं. तुम्ही काय केलं असतं? आणि ड्रॅगनला मराठीत काय म्हणू, अजगर म्हटलं तर चालेल का?

वाचनवेडा_सातरस्ता
अजगर नका म्हणू ताई, ह्याला पंख आहेत, आग ओकतो, पोरं कार्टूनमुळं ड्रॅगन ओळखतात, तोच शब्द ठेवा. आणि पानं अजिबात गाळू नका. ती लढाई तीन दिवस चालते, तुम्हीपण तीन रात्री सांगा. पहिल्या दिवशी वीर हरतो, पडतो, तो नेमका एका जुन्या झऱ्यात, त्या पाण्यानं रात्रीत बरा होतो. दुसऱ्या दिवशी परत पडतो, तेव्हा सफरचंदाच्या झाडाखाली, त्या झाडातनं झिरपणारं औषधी पाणी त्याला वाचवतं. तिसऱ्या दिवशी ड्रॅगन पडतो. माझ्या मुलीला मी असंच सांगितलेलं, तिला ड्रॅगनपेक्षा तो पडलेला वीर आणि लांब उभी राहून रात्रभर वाट बघणारी युना जास्त लक्षात राहिली. मधली पानं काढली की तो नुसता जिंकणारा माणूस उरतो, मग पोरगं विचारणारच मारलं कशाला म्हणून, कारण त्याला किती भारी पडलं ते त्यानं बघितलंच नाही. पहिल्या रात्री झऱ्यापाशी थांबा आणि पुस्तक मिटवा.

मागावरचा_नातू
आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि आजोबा आयुष्यभर चादरीच्या मागावर, इंग्लिशचा गंध नाही. मी लायब्ररीतनं हेच पुस्तक आणलेलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ड्रॅगन बघितलाच नाही, आधी कडेचा काठ बघितला. पानाला खिडकीसारखी चौकट केलीय ना, तिच्यात बारीक बारीक रानफुलं, वेली, छोट्या पऱ्या, त्यावर बोट फिरवत म्हणाले कुणीतरी डोळे घालवून बसलंय हे करायला. जाकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, चादरीची डिझाईन करताना ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरायचा, एक चुकला की पूर्ण फूल वाकडं, त्यामुळं त्यांना ती मेहनत लगेच कळाली. ह्या चित्रांना 1985 चं कॅल्डेकॉट मेडल आहे, अमेरिकेत चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दरवर्षी एकच देतात. म्हणून म्हणतो, भीतीचं पान आलं की पोराचं बोट काठावर न्या, इथं कुठलं फूल आहे शोध म्हणा. तो स्वतःहून परत मधे बघतो, दम खाऊन. आमच्याकडं बारकी बहीण तशीच बघायची.

सिद्धरामाची_लेक
पोराचा प्रश्न लई बरोबर आहे, टाळू नका. आपल्याकडं नागाला मारून गोष्ट संपत नाही, गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, होमाच्या दिवशी मानाच्या नंदीध्वजाला (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठीला) नागफणी बांधतात, लाखो माणसं हात जोडतात, अशा गावातलं पोरगं असं विचारणारच की. पण कालियाची गोष्ट पूर्ण सांगा त्याला. कालियाच्या बायका हात जोडून आल्या, तो शरण आला, आणि त्याला जायला रमणक बेट होतं, गरुडाच्या भीतीनं तिथनंच तो यमुनेत आलेला, कृष्णाच्या पावलांची खूण फण्यावर होती म्हणून गरुडाचं भय पण गेलं. ह्या ड्रॅगननं युनाच्या आईबापाला किल्ल्यात कोंडलंय, मुलूख जाळलाय आणि तो शरण येतच नाही. एवढं सांगितलं की पाच वर्षाच्या पोराला फरक कळतो.

अजून एक. हॉजेसबाईंनी ही गोष्ट एडमंड स्पेन्सरच्या 1590 च्या फेअरी क्वीन ह्या लांबलचक काव्यातनं घेतलीय. त्याच्याआधी तेराव्या शतकातल्या गोल्डन लीजंड ह्या संतांच्या गोष्टींच्या पुस्तकात लिबियातलं सिलेनी गाव आहे, तिथं ड्रॅगनला रोज दोन मेंढ्या देतात, मेंढ्या संपल्यावर चिठ्ठी टाकून माणसं. जॉर्ज त्याला भाल्यानं जखमी करतो आणि राजकन्येला म्हणतो तुझा कमरेचा पट्टा ह्याच्या गळ्यात बांध, आणि तो गरीब कुत्र्यासारखा तिच्यामागं गावात चालत येतो. शेवटी मारतात त्यालापण, सगळा गाव ख्रिस्ती झाल्यावर. मला ते मारणं तेव्हापण नको वाटलेलं, आत्तापण नको वाटतं, आणि ते मी नातवाला तसंच सांगितलं की बाबा आजीला हे आवडलं नाही.

जुळेसोलापूरची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री झऱ्यापर्यंतच वाचलं. लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात वीर पाण्यात पडलेला, हा बराच वेळ गप्प, मग बोट काठावर नेलं तर स्वतःच फुलं मोजायला लागला, अकरा म्हणाला. कालियाच्या बायकांचं पण सांगितलं, तर विचारतो ड्रॅगनला बायको नव्हती का, कुणी सांगायला आलं नाही का त्याच्यासाठी. मी म्हटलं पुस्तकात तरी कुणी नाही आलं. मग त्यानं आपली छोटी चादर ओढून पुस्तकावर घातली, सासूबाई बघत होत्या, त्या काय बोलल्या नाहीत. आज सफरचंदाचं झाड आहे, संध्याकाळपासनं दोनदा विचारून झालंय.