मदत हवी आहे : कापडी पिशव्यांचा उद्योग देणगीशिवाय उभा राहील का?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात लोकमान्य नगरजवळ आम्ही अकरा जणी कापडी पिशव्या शिवतो. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा माझ्या घरातल्या दोन मशीनवर पाच जणींनी सुरुवात केली होती. आता वागळे इस्टेटकडे भाड्याचा गाळा आहे, सहा मशीन आहेत. भिवंडीहून कोऱ्या कापडाचं ठाण येतं, आम्ही कापतो, शिवतो, छपाई बाहेरून करून घेतो.

गाळ्याचं भाडं, महिन्याला ९,००० रुपये, गेली दोन वर्षं एक ओळखीचे गृहस्थ देणगी म्हणून भरत होते. मार्चनंतर ते थांबणार आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, दोन वर्षं भरलं हेच खूप. पण त्यानिमित्ताने मी पहिल्यांदा नीट हिशेब मांडला आणि रात्रभर झोप आली नाही.

एका पिशवीला रुपयांत खर्च असा: कापड १८, बंद (धरायचे पट्टे) ५, दोरा १, शिलाई १८, कापणी ३, छपाई ७. झाले ५२. विकतो ६० ला. महिन्याला साधारण ११०० पिशव्या जातात, म्हणजे हातात ८,८०० रुपये. यातून गाळ्याचं भाडंसुद्धा पूर्ण निघत नाही. वीजबिल, टेम्पो, तिरकी छपाई झालेल्या पिशव्या हे अजून धरलेलंच नाही. आपला धंदा चालतोय असं आम्ही समजत होतो, प्रत्यक्षात तो त्या भाड्यावर चालला होता.

दुसरं दुखणं याहून मोठं. ११०० पिशव्या अकरा जणींत वाटल्या की एकीच्या वाट्याला शंभर येतात, म्हणजे १,८०० रुपये. एवढ्यावर कोण टिकेल? गेल्या सहा महिन्यांत दोघी आम्हाला सोडून धुण्याभांड्याच्या कामाला गेल्या. मी त्यांना थांबवू शकले नाही, थांबवायला तोंडही नव्हतं. दोघीही हाताने फार चांगल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्यांना शिकवण्यात दोन महिने गेले.

माल चांगला आहे, हे मी खात्रीने सांगते. सुरुवातीला नव्हता. जांभळी नाक्यावरच्या एका भाजीवाल्या काकूंनी आमच्याकडून पन्नास पिशव्या घेतल्या होत्या. आठवड्याने त्यांनी एक पिशवी परत आणून माझ्या हातात दिली. कांदे-बटाटे भरल्यावर एका बाजूचा बंद उसवला होता आणि गिऱ्हाइकाचे बटाटे रस्त्यावर घरंगळले होते. त्या दिवसापासून बंदाला नुसती सरळ टीप मारायची नाही, चौकोन घालून मध्ये फुली मारायची असं ठरलं. त्याला वेळ जास्त लागतो म्हणून शिलाई १५ वरून १८ केली. काकू आजही आमच्याकडूनच घेतात. पहिल्यांदा त्यांनी आमच्याकडे बघून घेतल्या होत्या, आता पिशवी बघून घेतात.

गेल्या दिवाळीला एका कंपनीची ३,००० पिशव्यांची मोठी ऑर्डर मिळाली. आम्ही रात्री जागून माल वेळेत दिला, पण पैसे साडेचार महिन्यांनी आले. तोवर बायकांची शिलाई मी माझ्या मुदतठेवीवर कर्ज काढून दिली. आता तीच कंपनी पुन्हा विचारते आहे आणि माझा हात पुढे होत नाही.

तर जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, भाव वाढवावा की खर्च कमी करावा? दोन, पैसे अडकू नयेत म्हणून काय करता येतं? तीन, सध्या आमचा फक्त बचत गट आहे, पुढे नोंदणी कुठली करावी? एक जण सांगतात कलम ८ ची (कंपनी कायद्यातली, नफा न वाटणारी) कंपनी करा म्हणजे सीएसआरचा, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो, निधी मिळेल, दुसरे म्हणतात सहकारी संस्था करा. ज्यांनी स्वतः असं काही चालवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

ताई, आधी पैशांचं सांगतो, मी लघुउद्योगांचे हिशेब बघतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, लगेच करा, ऑनलाइन होते आणि फुकट आहे. बचत गटालाही करता येते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. मात्र नोंदणी माल देण्याआधीची हवी. बिलावर उद्यम क्रमांक छापा. आणि कंपनीला सरळ सांगा, निम्मे पैसे ऑर्डरबरोबर. कापडाचे पैसे तुम्हाला रोख मोजावे लागतात, हे त्यांनाही कळतं.

प्रतिसाद २

लिज्जत पापडचं उदाहरण बघा. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेखांनी त्यांना देणगी घेऊ नका असं बजावलं होतं. पण मला त्यांची कामाची रीत जास्त महत्त्वाची वाटते. पीठ केंद्रावर मळतात म्हणून चव एकसारखी राहते आणि लाटणं घरी होतं. तुमचंही तसं बसेल. कापणी आणि तपासणी गाळ्यात, शिलाई ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांच्या घरी. मग एवढा मोठा गाळा लागणार नाही. फुलीचा टाका तपासायला मात्र एक कडक नजरेची बाई हवीच.

भावाबद्दल: सगळ्यांना एकच भाव कशाला? मदुराईच्या अरविंद नेत्रालयात, १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं ते, पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जोरावर गरिबांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. काकूंची पिशवी ६० लाच राहू द्या. कंपनीची जाड कापडाची, आत कप्पा असलेली वेगळी करा आणि ११० सांगा.

प्रतिसाद ३

नोंदणीबद्दल. कलम ८ मध्ये नफा सभासदांना वाटता येत नाही, सगळा संस्थेच्या कामातच वापरावा लागतो. सीएसआरचा निधी घ्यायला ती चालते, त्यासाठी सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज भरावा लागतो. सहकारी संस्थेत मालकी बायकांची आणि नफ्यात वाटा मिळतो, पण सीएसआरचं दार जवळपास बंद. आधी अकरा जणींना एकत्र बसवून विचारा, त्यांना काय हवं आहे. त्या दोघी सोडून गेल्या ते नोंदणी नव्हती म्हणून नाही, काम कमी होतं म्हणून.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आमच्यातल्या सात जणींकडे घरी मशीन आहे, हे आज विचारल्यावर कळलं. इतके दिवस मी विचारलंच नव्हतं. रविवारी सगळ्या बसतोय. उद्यम नोंदणी उद्याच करते आणि कंपनीला निम्म्या आगाऊ रकमेचं लिहिते. कप्प्याच्या पिशवीचा नमुना आज कापला. जाड कापडाला आमच्या मशीनवर टीप नीट बसत नाही, धागा तुटतो. कुठल्या नंबरची सुई वापरावी, कुणी सांगेल का?