आय.एन.आर. यंत्र आणि वॉर्फरिन घेऊन पाच आठवडे परदेशी

प्रश्न

माझ्या वडिलांच्या हृदयात यांत्रिक मायट्रल झडप बसवलेली असून ते रोज संध्याकाळी वॉर्फरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) घेतात. त्यांचा आय.एन.आर. (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहावा असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि तो आम्ही घरच्या यंत्रावर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मोजतो. आता ते पहिल्यांदाच पाच आठवड्यांसाठी परदेशी जात आहेत. यंत्र, रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या आणि लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) विमानात जवळ ठेवू देतात का, घड्याळातला सात तासांचा फरक गोळीच्या बाबतीत कसा सांभाळावा, आणि गोळ्या कमी पडल्या तर तिथे घेता येतील का? ज्यांनी हे प्रत्यक्ष निभावले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

मी स्वतः झडपेचा रुग्ण असून यंत्र घेऊन चार वेळा परदेशी जाऊन आलो आहे. लॅन्सेट यंत्राबरोबर एकाच पिशवीत असतील आणि सोबत डॉक्टरांचे पत्र असेल, तर सुरक्षा तपासणीत सहसा अडवत नाहीत. पत्रात आजार, औषधाचे मूळ नाव, रोजची मात्रा आणि यंत्राचा उल्लेख असावा. हे सामान चेक-इनच्या बॅगेत मात्र कधीही टाकू नये, कारण बॅग हरवण्याची भीती तर असतेच, शिवाय पट्ट्यांना उष्णता सोसत नाही. आमच्या पट्ट्यांच्या डबीवर २ ते ३० अंश सेल्सिअस असे स्पष्ट छापलेले आहे, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत हा आकडा थोड्याच वेळात ओलांडला जातो.

थंडीचाही एक अनुभव सांगतो. माझे यंत्र १८ ते ३२ अंशांच्या दरम्यानच चालते. एका थंड गावी सकाळी खोलीत ते सुरू केले, तर पडद्यावर तापमापकाचे चिन्ह लुकलुकत राहिले आणि यंत्र पुढे सरकेना. अखेर ते अर्धा तास स्वेटरच्या आत छातीशी धरून बसलो, तेव्हा कुठे मोजणी झाली. बोटेही गारठलेली असतात, त्यामुळे थेंब पुरेसा येत नाही आणि माणूस बोट पिळू लागतो, जे करू नये, कारण त्यामुळे आकडा चुकू शकतो. हात कोमट पाण्याने धुऊन नीट पुसावेत, थोडा वेळ खाली लोंबते सोडावेत आणि मगच टोचावे. टोचल्यानंतर पंधरा सेकंदांत थेंब पट्टीवर जायला हवा, म्हणून यंत्र आधीच तयार ठेवावे. निघण्यापूर्वी एकदा प्रयोगशाळेतली तपासणी आणि घरची मोजणी एकाच दिवशी करून आकडे जुळवून घ्यावेत. फरक साधारण ०.५ पेक्षा जास्त आला तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नये.

प्रतिसाद २

गोळ्यांविषयी लिहिते, कारण मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे आणि या एका बाबतीत लोक फार निश्चिंत असतात, असे मला वाटते. वॉर्फरिनच्या गोळीचा रंग देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये गुलाबी गोळी ५ मिलिग्रॅमची असते, तर अमेरिकेत गुलाबी गोळी १ मिलिग्रॅमची. निळी ब्रिटनमध्ये ३ ची, अमेरिकेत ४ ची. त्यामुळे ‘दोन गुलाबी आणि एक निळी’ अशी सवय असलेल्या माणसाने परदेशात मात्रा कधीही रंगावरून सांगू नये, ती मिलिग्रॅममध्येच सांगावी. काही देशांत वॉर्फरिनऐवजी असेनोकुमारॉल किंवा फेनप्रोकुमॉन दिले जाते. ही औषधे एकाच कुळातली असली तरी त्यांची मात्रा वेगळी असते आणि एकाच्या जागी दुसरे परस्पर घेता येत नाही. म्हणून संपूर्ण मुक्कामाच्या आणि वर दोन आठवड्यांच्या गोळ्या मूळ वेष्टनातच जवळ ठेवाव्यात.

मात्र प्रमाणाची मर्यादा आधी तपासावी. उदाहरणार्थ जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरतीच परवान्याविना नेता येतात, आणि तुमचे पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस होतात! तिथे जाणार असाल तर ‘युन्यू काकुनिन-शो’ हा आयात परवाना निघण्यापूर्वी घ्यावा लागेल. वॉर्फरिन स्वतः नियंत्रित औषध नसले तरी त्याच पिशवीत सहज टाकलेल्या कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिनयुक्त खोकला-सर्दीच्या गोळ्या काही देशांत मोठी अडचण उभी करतात.

सात तासांच्या फरकाची फार धास्ती बाळगू नये. वॉर्फरिनचा अर्धायुकाल (शरीरातले औषध निम्मे होण्याचा काळ) सुमारे ४० तासांचा असतो, त्यामुळे एखादी मात्रा काही तास पुढेमागे झाल्याने आय.एन.आर. लगेच ढळत नाही. तरीही वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दुप्पट गोळी घेऊन मात्र चुकलेली मात्रा भरून काढू नये.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. परदेशात पोट बिघडल्यावर हातात पडणारी मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके आय.एन.आर. वर नेतात, आणि जुलाब व जेवण कमी होणे यांनीही तो वाढतो. माझ्या आईचा आकडा असाच तीन दिवसांत ३ वरून ५ च्या पुढे गेला होता. त्या वेळी यंत्र जवळ होते म्हणूनच ते कळले. असे झाल्यास नेहमीच्या तारखेची वाट न पाहता दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजावे. पट्ट्या नेताना या जादा मोजण्यांचा हिशेब धरावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही आभार. वडील इतकी वर्षे गोळ्या रंगावरूनच ओळखत आले आहेत, त्यामुळे प्रत्येक वेष्टनावर मिलिग्रॅमचा आकडा ठळक अक्षरांत लिहून ठेवला. मेट्रोनिडाझोलच्या जागी काय चालेल हे उद्या डॉक्टरांना विचारून इथेच कळवते.