विषय: आई-बाबांच्या घरात टेरियर आणायचा आहे

लीड्सहून

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आम्ही इथला, इंग्लंडमधला मुक्काम हलवून कायमचे कोल्हापूरला जातोय. घर मंगळवार पेठेत, आजोबांच्या वेळचं. मागं परसू, त्याला दगडी कुंपण, आणि एका बाजूची भिंत शेजाऱ्यांची आणि आमची सामाईक. आई-बाबा दोघंही सत्तरीत. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५.

इथलं सगळं सोडताना मुलांना सगळ्यात जड जातंय ते शेजारच्यांचा कुत्रा, बॉर्डर टेरियर, सोडणं. शाळेतून आली की दप्तरं टाकून दोघं आधी कुंपणापाशी जातात. मी शब्द दिलाय की कोल्हापूरला गेलो की आपल्या घरी आपला कुत्रा येईल. आता शब्द पाळायचा आहे. बायकोला यॉर्की (यॉर्कशर टेरियर) हवा, मुलीला पांढरा वेस्टी (वेस्ट हायलँड टेरियर), मला जॅक रसेल; तिन्ही टेरियरच. आपल्यापैकी कुणी तिकडे टेरियर सांभाळला आहे का? आणि इथून न्यावा की तिथं घ्यावा?

ग्लासगोहून

वेस्टीबद्दल मी बोलतो, कारण बारा वर्षं आमच्या घरी होता. ही जात इथलीच. आर्गाइलमधल्या पोलटालॉकच्या माल्कम कर्नलसाहेबांनी ती वाढवली. त्यांचा तांबूस कुत्रा शिकारीत कोल्हा समजून गोळीला बळी पडला आणि तेव्हापासून त्यांनी पांढरेच पाळले, असं इकडे सांगतात. स्वभावाने सोनं. पण कातडी! ॲलर्जीची खाज या जातीत फार आहे. आमच्याकडे स्कॉटलंडच्या थंडीतही पंजे चाटून चाटून लाल करायचा, कानात सतत औषध. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत त्याचं काय होईल याची मला कल्पनाही करवत नाही. लेकीची समजूत काढ. माझ्या वतीनं सांग, आजोबांनी सांगितलंय म्हणून.

बर्मिंगहॅमहून

दोन गोष्टी. एक, टेरियरवर सरकारनं बंदी घातली होती ना? दुसरं, आपल्या भागातला कारवानी किंवा मुधोळचा शिकारी कुत्रा का नको? मुधोळ कोल्हापूरपासून असं कितीसं लांब आहे! २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळ हाऊंडचं तिकीटसुद्धा काढलं होतं. मी मूळचा इचलकरंजीचा, म्हणून जीव तुटतो.

कोल्हापूरहून

मी या मंडळात रेडिंगला असताना अकरा वर्षं होते. परत येऊन आता आठ वर्षं झाली, राहते राजारामपुरीत. मंडळाच्या पत्रयादीवरून नाव काढलं नाही ते अशाच पत्रांसाठी. आमच्याकडे जॅक रसेल आहे, सात वर्षांचा, नाव बारक्या. तेव्हा जरा लांबड लागली तरी वाच.

आधी बंदीचं. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना एक पत्र पाठवलं. धोकादायक जातींच्या यादीत पिटबुल, रॉटवायलर यांच्यासोबत नुसतंच ‘टेरियर’ असंही लिहिलं होतं. म्हणजे तीन किलोचा यॉर्कीही त्यात आला! ते कोर्टात टिकलं नाही, कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं. तरी महापालिकेतली नोंदणी आणि लसीचं कार्ड पहिल्या दिवसापासून नीट ठेव. शेजाऱ्याशी वाजलं तर तोच कागद कामाला येतो. कारवानीबद्दल इचलकरंजीकरांचं म्हणणं मला मान्य आहे, देखणं आणि काटक जनावर. पण तो माळावर पळणारा कुत्रा, पेठेतल्या परसात त्याचा कोंडमारा होईल.

आता टेरियर. हा शब्दच मुळात जमिनीवरून आला, लॅटिन ‘टेरा’. कोल्ह्याच्या, बिज्जूच्या बिळात शिरायचं, अंधारात त्याला अडवायचं आणि वर उभ्या माणसांना कळावं म्हणून भुंकत राहायचं, हे याचं काम. बिळात हुकूम द्यायला मालक नसतो. काय करायचं ते त्यानं त्याचं ठरवायचं. म्हणून टेरियरला हाक मारलीस तर तो ऐकतो, मान वळवून बघतो आणि मग येण्यासारखं आहे का याचा विचार करतो. लोक म्हणतात हट्टी आहे. हट्टी नाही, शेकडो वर्षं त्याला तसाच निवडून निवडून घडवलाय. भुंकण्याचंही तेच. तुमची एक भिंत सामाईक आहे हे तू लिहिलंस, म्हणून आधीच सांगते. त्या घरात कुणी आजारी असेल, लहान बाळ असेल, तर आणण्यापूर्वी जाऊन बोलून ये.

जॅक रसेलची गोष्ट आपल्या गावाला शोभणारी आहे. जॉन रसेल नावाचा डेव्हनचा पाद्री ऑक्सफर्डला शिकत होता, तेव्हा १८१९ मध्ये त्यानं एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली. पुढं सगळा वंश तिच्यापासून धरतात. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिताना मला दर वेळी ती आठवते. उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन ५-६ किलो. एवढासा दिसतो म्हणून लोक घेतात आणि तिथंच फसतात. अंगात घोड्याची ताकद असते.

कोल्हापूर त्याला त्याचं काम रोज देतं, हे तू धरून चाल. जुन्या पेठेत घूस नाही असं परसू दाखव! आमच्या न्हाणीघराच्या मोरीपाशी बारक्या उभा राहतो ना, ते बघण्यासारखं असतं. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ आणि फक्त तिचं टोक थरथरतंय, नाकाच्या शेंड्यावर ओली माती, कान दोन्ही पुढं. श्वाससुद्धा घेत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकदम माती उडायला लागते. त्याला ओरडून उपयोग नाही, जन्म त्यासाठीच आहे त्याचा. आपण करायचं ते एवढंच की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दर वर्षी चुकवायची नाही, कारण उंदराच्या मुतातून तो रोग कुत्र्याला आणि माणसालाही होतो. आणि आजूबाजूला कुणी उंदराचं औषध टाकतं का हे हात जोडून विचारून ठेवायचं. विष खाल्लेला उंदीर त्यानं खाल्ला तर आतून रक्तस्राव होतो आणि दोन-तीन दिवस काही कळतही नाही.

आणि साप. हे लिहिताना अजून हात थरथरतो. तीन वर्षांमागं सप्टेंबरात आम्ही पन्हाळ्याच्या वाटेवर भावाच्या शेतात गेलो होतो. उसाच्या बांधावर बारक्यानं बीळ उकरायला सुरुवात केली. मी ‘असू दे, खेळतोय’ म्हणून लक्ष दिलं नाही. एकदम केकाटला आणि मागं आला. बघते तर वरच्या ओठावर दोन ठिपके. घोणस होती, भावानं पाहिली. गाडीत बसेपर्यंत जबडा सुजायला लागला, शहरात येईतो डोळा बंद. पहिल्या दवाखान्यात लस नव्हती, वीस मिनिटं तिथं गेली. दुसऱ्या डॉक्टरांनी माणसाला देतात तीच सर्पविषाची लस दिली, सलाईन लावलं, रात्रभर आम्ही पायरीवर. वाचला. तेव्हापासून शेतात पट्टा सोडत नाही, आणि सापाची लस कुठल्या डॉक्टरांकडे असते ते फ्रिजवर चिकटवलंय. तूही आल्या आल्या पहिलं ते शोध.

यॉर्कीबद्दल वहिनींना सांग, वाईट निवड नाही, पण आता नको. तोही मुळात तुमच्याच यॉर्कशरमधल्या गिरण्यांतला, स्कॉटलंडहून आलेल्या विणकरांबरोबर आलेल्या कुत्र्यांचा वंश, यंत्राखालचे उंदीर मारायचा. इचलकरंजीकरांना हे पटेल. पण आता तीन किलोचा नाजूक जीव झालाय. पाच वर्षांच्या पोराच्या हातून निसटला किंवा दिवाणावरून उडी मारली तरी पाय मोडतो. श्वासनलिका कमजोर असते, गळ्यात पट्टा नको, छातीचा पट्टाच लागतो. केस माणसासारखे वाढतात, रोज विंचरायचे. मुलगा दहाचा झाला की बघा.

आता मी तुला खरा प्रश्न विचारते, आणि याचं उत्तर तूच दे. दुपारी बारा ते चार घरी कोण? तुम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. म्हणजे आई-बाबा. कुत्रा मुलांसाठी आणायचा म्हणतोस, पण राहणार तो त्यांच्यापाशी. जेवून आडवं झालेल्या बाबांना उठवून तो चेंडू तोंडात घेऊन उभा राहील. आई तुळशीला पाणी घालताना पायात येईल. सत्तरीतला माणूस एकदा पडला की काय होतं ते आपण सगळे जाणतो. सकाळ-संध्याकाळ तास-तासभर फिरवला तर दुपारी तो झोपतो, नाही फिरवला तर तेच घर उकरतो. आमच्या ह्यांच्या कापशी चपलांचा अंगठा पहिल्याच महिन्यात गेला होता. तेल पाजून पाजून मऊ केलेलं कातडं, त्याच्या दृष्टीनं मेजवानीच ती! हा कुत्रा १३-१४ वर्षं सहज जगतो. लेक शिकून बाहेरगावी जाईल तेव्हाही तो दारात असणार आणि आई-बाबा ऐंशीच्या पुढं. त्यांना फोनवर नाही, समोर बसून विचार.

ते हो म्हणाले तर माझं मत जॅक रसेलला, पण पिल्लू घेऊ नकोस. पिल्लाचा व्हिडिओ बघून घेतलेले आणि वर्षाच्या आत वैतागून देऊन टाकलेले जॅक रसेल आपल्याकडे आहेत. असा दीड-दोन वर्षांचा, मुलांची सवय असलेला शोध. दोन-चारदा घरी आणून बघ, आईच्या पायात येतो का, बाबांचं ऐकतो का. पिल्लूच घ्यायचं ठरलं तर आई बघितल्याशिवाय घेऊ नको. २०१७ च्या नियमानं आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. डोळ्यातलं भिंग सरकण्याचा आजार या जातीत आहे, त्याची आई-बापाची तपासणी झाली आहे का ते विचार.

तिथून मे महिन्यात विमानानं आणायचं डोक्यातून काढ. ना-हरकत दाखला, लसी, सगळं जमेल रे, पण मुंबईचा तो उकाडा, तुमची बांधाबांध आणि नवं घर, सगळं एकदम त्या जीवावर नको. तुम्ही आधी या. एक पावसाळा मुलांना इथं काढू दे. दसऱ्यालाही नको, पाठोपाठ फटाके येतात. पाडव्याच्या सजवलेल्या म्हशी मुलांना दाखव आणि दिवाळीचा धूर ओसरला की घरी आण. थंडीत शिकवायला, फिरवायला उन्हाची भीती नाही.

खाण्याचं एकच: तांबडा-पांढरा त्याच्या ताटलीत कधीही नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. तासगावचे बेदाणे आणि द्राक्षंही विषच, मूत्रपिंडं जातात. मुलाला हे पाठ करून घे, प्रेमानं भरवणारे तेच असतात.

लीड्सहून

काकू, तुमचं पत्र रात्री दोघांनी दोनदा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हे खरं. दुपारी बारा ते चार मी कधी डोळ्यासमोर आणलंच नव्हतं.

एक शंका. घरामागून एअर नदी वाहते, तिच्याच नावाचा एअरडेल इकडे बघतो. मोठा आहे, शांत वाटतो, आईच्या पायात येणार नाही. तो चालेल का?

कोल्हापूरहून

देखणा कुत्रा, टेरियरांतला सगळ्यात मोठा. पण नर ५८ ते ६१ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे तुझ्या मुलाच्या कमरेपर्यंत. पायात नाही येणार, पण पट्ट्याला एक हिसका दिला तर बाबा रस्त्यावर. शिवाय ते दाट तारेसारखे केस एप्रिलच्या उन्हात. नको.

लीड्सहून

मंडळी,

मागच्या आठवड्यात कंपनीच्या कामासाठी भारतात गेलो होतो, दोन दिवस कोल्हापूरला काढले. आई-बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं, साप आणि चपला धरून. आई आधी गप्प होती. मग म्हणाली, “छातीचा पट्टा आणि एक कोंबडी उकडायचं पातेलं वेगळं ठेवायचं, माझ्या भांड्यांत नाही.” बाबा सकाळी सहाला तसेही रंकाळ्यावर जातातच. ते म्हणाले, संध्याकाळचं मात्र तू नाहीतर सूनबाई, माझ्या जिवावर टाकायचं नाही. ते मी लिहून दिलं, खरंच कागदावर.

मुलीला वेस्टी नाही म्हटल्यावर रडू आलं, पण ग्लासगोच्या आजोबांचं पत्र वाचून दाखवल्यावर तिनंच विचारलं, “मग त्याच्या पंजांना आता बरं आहे का?” काका, तिला एकदा फोन कराल का?

आज सकाळी बाबांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. मागच्या फाटकाखाली फट आहे, तिच्यात त्यांनी हात घालून दाखवलाय, चार बोटं आरपार. खाली लिहिलंय: गवंडी सोमवारी येतोय, कुंपणाच्या कडेनं जाळी किती खोल पुरायची ते काकूंना विचार.

कोल्हापूरहून

एक फूट खोल, आणि तळाशी आतल्या बाजूला आणखी फूटभर आडवी वळवायला सांग. नुसती उभी पुरली तर खालून जातो. आमचा गेला होता.