कारखान्यात व्हॉट्सॲपवर सरसकट बंदी न घालता गोपनीयता कशी राखावी? मदत हवी आहे

नमस्कार. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभागाचे काम पाहते.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या ग्राहक कंपनीचे एक ड्रॉइंग (सुट्या भागाचा तांत्रिक आराखडा) क्वालिटी विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकले गेले. नोकरी सोडून स्पर्धक कारखान्यात गेलेला एक सहकारी त्या ग्रूपमध्ये तसाच राहिला होता. त्याला काढायचे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. ड्रॉइंगचा गैरवापर झाल्याचे आढळलेले नाही, पण ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असल्यामुळे संचालक हादरले. आता सर्वांचे मोबाइल गेटवर जमा करावेत आणि कार्यालयातील संगणकांवर व्हॉट्सॲप वेब व चॅटजीपीटी बंद करावे, असे परिपत्रक काढण्यास त्यांनी मला सांगितले आहे.

त्यांची भीती मला अनाठायी वाटत नाही. कर्मचाऱ्यांनी चॅटजीपीटीत संवेदनशील सोर्स कोड टाकल्यानंतर २०२३ मध्ये सॅमसंगने अशा साधनांवर निर्बंध घातले, हे उदाहरण त्यांनीच मला दाखवले.

माझी अडचण वेगळी आहे. रात्रपाळीत दोन वाजता एखाद्या जॉबचे, म्हणजे मशीनवर घडणाऱ्या भागाचे, माप चुकत असल्याचे दिसले, की पर्यवेक्षक व्हर्नियर (माप घेण्याचे उपकरण) लावलेल्या जॉबचा फोटो घरी असलेल्या क्वालिटी इंजिनिअरला पाठवतात आणि मशीन थांबवायचे की नाही हे पाच मिनिटांत ठरते. पूर्वी हाच निर्णय सकाळपर्यंत लांबायचा आणि कधी कधी अख्खा लॉट रिजेक्ट व्हायचा. शिवाय आमच्याकडील अनेक महिला कामगारांची मुले लहान आहेत. आठ तास घरच्यांशी संपर्कच नाही, ही अट मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

बंदी केल्याने हे बोलणे थांबेल, असेही मला वाटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने वॉल स्ट्रीटवरील १६ संस्थांना एकूण १.१ अब्ज डॉलरहून अधिक दंड केला, कारण तेथील कर्मचारी कामाचे बोलणे खासगी मेसेजवर करत होते आणि त्याची नोंद संस्थांकडे राहत नव्हती. मनाई करणारे नियम त्या संस्थांकडे होतेच, तरीही वरिष्ठ अधिकारीसुद्धा ते मोडत होते. आमच्याकडेही लोक चोरून मेसेज करतील आणि कोणते ड्रॉइंग कोणाकडे गेले हे कळण्याचा आज उरलेला मार्गही बंद होईल, याची मला खरी काळजी आहे.

म्हणून ज्यांनी कारखान्यात अशी व्यवस्था प्रत्यक्ष राबवली आहे, त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे. प्रत्येक पाळीला कंपनीचा एकच मोबाइल देऊन फोटो फक्त त्यावरूनच पाठवण्याचा नियम टिकतो का, की गर्दीच्या वेळी लोक पुन्हा स्वतःचा फोन काढतात? कंपनीच्या ताब्यातील चॅट ॲप वापरायचे ठरवले, तर ज्यांना कंपनीचा ईमेल आयडीच नाही अशा कंत्राटी कामगारांना त्यात कसे घेतले? नोकरी सोडताना द्यायच्या ना-हरकत दाखल्यात ग्रूपमधून नाव काढल्याची सही कोणाकडून घेता? ग्राहकाच्या ऑडिटमध्ये यापैकी काय मान्य झाले, हे कळले तर संचालकांशी बोलताना मला मोठा आधार मिळेल.

परिपत्रकावर सोमवारी चर्चा आहे. कंपनीचे नाव काढून आपल्याकडील नियमांचा मसुदा येथे देता आला, तर फार उपकार होतील.